देवाचे, माणसाचे आणि अर्धलीचे

दुडेकाकांच्या घरी भाड्याची खोली मिळावी म्हणून मला जी मुलाखत द्यावी लागली, तशी मास्तरकीच्या नोकरीसाठीही द्यावी लागली नव्हती. कोळवण खोऱ्यातल्या एका लहानशा गावात झेडपीच्या शाळेवर माझी बदली झाली होती आणि गावात भाड्यानं देण्याजोगी खोली एकच होती, शिवराम दुडे यांची. काका ओसरीवर बसले होते. इतर घरमालक विचारतात त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. "चालून दाखवा," म्हणाले. मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. "टाचा आपटता," ते म्हणाले. मग मी दोरीवरच्या उड्या मारते का, कूस बदलताना खाट वाजते का, माझ्याकडे पाटा-वरवंटा आहे का, अशी सगळी विचारपूस झाली. हा माणूस काही ठीक दिसत नाही असं ठरवून मी पिशवी उचलणार, तेवढ्यात त्यांनी माझं मूळ गाव विचारलं. मी पाटण तालुक्यातली, कोयनेच्या अंगची, असं सांगितल्याबरोबर ते उठून उभेच राहिले.

लहानपणी आमच्याकडे धक्के बसायचे तेव्हा काय व्हायचं, हे त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. फळीवरची भांडी वाजायची, आई मान वर करून एखादं पडलं का बघायची आणि पुन्हा भाकरी थापायला लागायची. आम्ही ताटावरूनही उठायचो नाही. काका हे ऐकताना डोळे मिटून मान डोलवत होते. मग त्यांनी बायकोला हाक मारली आणि देवळातली मूर्ती दाखवावी तसं मला दाखवलं. त्या दिवसापासून मला टाचा आपटायची माफी मिळाली. गावात माझी ओळख करून देताना ते "आमच्या बाई, कोयनेच्या" असं म्हणायचे, आणि लोकही विनाकारण मला वचकून असायचे.

काकांनी आयुष्यभर पौडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेत परिचराचं काम केलं होतं. परीक्षानळ्या धुवायच्या, कपाटातल्या सांगाड्यावरची धूळ झटकायची आणि शास्त्राच्या मास्तरांचा प्रयोग फसला की त्यांना कळू न देता तो दुरुस्त करायचा. निवृत्तीनंतर ते सूसच्या एका इंजिनिअरच्या फार्महाऊसची राखण करायचे. त्या इंजिनिअरनं एका पावसाळ्यात हौसेनं भूकंप मोजायचं यंत्र जुळवलं. पुढच्या पावसाळ्यात त्याची हौस फिटली आणि यंत्र काकांकडे आलं. काका त्याला नुसतं 'डबा' म्हणायचे. डब्यात तारेच्या वेटोळ्यामध्ये एक लोहचुंबक लटकलेलं होतं. जमीन हलली की तार हलायची, चुंबक आळशासारखं जागच्या जागी राहायचं, त्यातून इवलीशी वीज निघायची आणि शेजारच्या पडद्यावरची रेघ वळवळायची. यापलीकडे त्यात काही नव्हतं, पण काकांना तेवढं पुरलं.

डबा उघड्या कातळावर ठेवावा लागतो. काकांच्या जागेत कातळ वर आला होता तो नेमका गोठ्यात, म्हशीच्या पायाखाली. म्हैस बाहेर गेली आणि डबा आत आला. पण म्हशीनं माशा हाकलायला पाय आपटला तरी रेघ उडायची, म्हणून काका तिला रोज थोडं थोडं लांब बांधत गेले. शेवटी तिचा पाय रेघेवर उमटायचा थांबला तेव्हा ती शेजाऱ्याच्या बांधाला पोचली होती. तिथवर दोन वेळा चरवी घेऊन जायचं काम हौसाकाकूंकडे आलं. "दुसऱ्यांच्या नवऱ्यांना बाटलीचा नाद असतो," त्या मला म्हणाल्या, "आमच्या ह्यांना जमिनीचा, आन जमीन बी कसली, हालणारी."

डब्याशेजारी एक लांबलचक वही असायची. तिला तीन रकाने होते: 'देवाचे', 'माणसाचे' आणि 'अर्धलीचे'. आपोआप झालेला भूकंप देवाचा. सुरुंग, ट्रक, कांडण, वरात हे सगळं माणसाचं. तिसरा रकाना माझ्या माहेरासाठी खास आखलेला होता. धरणात पाणी साठलं की त्याच्या भारानं आणि मुरण्यानं खालची जमीन सरकते, असं काकांनी वाचलं होतं. आता तो धक्का कुणाच्या नावावर टाकायचा? जमीन देवाची, पाणी माणसानं अडवलेलं. शेत दुसऱ्याला कसायला देऊन पीक निम्मं निम्मं वाटून घ्यावं तसला हा व्यवहार, म्हणून अर्धल. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी यावर आयुष्य घालवलं असेल, काकांनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन तो वाद मिटवून टाकला होता.

देवाचे आणि माणसाचे वेगळे कसे ओळखायचे, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यांनी पडद्यावर दोन जुन्या रेघा काढून दाखवल्या. भूकंपाच्या रेघेत आधी एक बारीक थरथर होती, मग थोडी उसंत आणि मग मोठी घुसळण. सुरुंगाची रेघ पहिल्याच झटक्याला आभाळाला भिडली होती आणि लगेच विझली होती. "देव पाव्हण्यासारखा येतो, बाई. आधी दारात खाकरतो, मग आत येतो. माणूस लाथ मारूनच दार उघडतो," काका म्हणाले. शिवाय डोंगरापलीकडच्या दगडखाणीत दुपारी दीड वाजता शिट्टी वाजवून सुरुंग उडवायचे, त्यामुळे घड्याळावरूनही कळायचं. देवाला जेवणाची सुट्टी नसते, हे काकांचं आवडतं वाक्य होतं.

या वहीपायी घरात एक शिस्त आली होती. काकू उखळात मिरची कांडायला बसण्याआधी "मी बसले हो" म्हणून ओरडायच्या आणि उठताना "उठले हो" म्हणायच्या. वहीत 'हौसा, कांडण' अशी नोंद व्हायची. एसटी ओढ्यावरच्या पुलावर चढली की रेघ दाट व्हायची, त्यामुळे गावातली माणसं थांब्यावर उन्हात न तिष्ठता काकांच्या ओसरीवर येऊन बसायची. आमच्या शाळेची कवायतही डब्यापर्यंत पोचायची. ज्या दिवशी मुख्याध्यापक कवायत न घेता परस्पर पुण्याला गेलेले असत, त्या दिवशी संध्याकाळी काका मला नुसतं "आज रेघ सपाट होती" एवढंच म्हणायचे.

एका माणसाच्या हातून याहून मोठी चूक होणार नाही अशी एक चूक त्यांनी माझ्यादेखत केली. भाताची कापणी होऊन झोडणीचे दिवस होते. त्या दिवशी काकांच्याच भातासाठी इर्जिक होती, म्हणजे सगळ्या गावानं एकाच्या शेतावर फुकट राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवायला घालायचं. काका "आलोच" म्हणून सकाळी गोठ्यात शिरले ते बाहेर आलेच नाहीत. साडेदहाच्या सुमाराला ते धावत खळ्यावर आले. खळं घराच्या मागंच, त्याच कातळावर. तोंडावर रंग नव्हता. बारीक बारीक धक्क्यांची रांगच लागली आहे, असं आजवर कधी बघितलं नाही, सगळ्यांनी घराबाहेर पडा, असं ते म्हणाले. उघड्या माळावर उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांनी एकमेकांकडे बघितलं. कुणाच्या हातात पेंढी होती, कुणाची पेंढी डोक्यावर उचललेली होती. भीतीनं सगळे आहेत तसे थांबले.

काका गोठ्यात जाऊन बघून आले. धक्के थांबले होते. त्यांनी तसं सांगितलं, लोकांनी देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा फळीवर पेंढ्या झोडायला सुरुवात केली. दोन मिनिटांत काका परत धावत आले, धक्के पुन्हा सुरू झाले होते. लोक थांबले. काका गेले, धक्के थांबले, काका आले. असं तीनदा झालं. मी सुट्टी काढून जेवण वाढायला आले होते. मला दुसऱ्याच वेळी उलगडा झाला होता, पण कोयनेच्या बाईनं असं सांगणं मला प्रशस्त वाटेना. चौथ्या वेळेला हौसाकाकू एक पेंढी आणि एक फळी घेऊन गोठ्यात गेल्या आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यांनी ती फळीवर आपटली. रेघ उडाली. त्यांनी परत आपटली. रेघ परत उडाली. काकांनी 'देवाचे' रकान्यातल्या त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी एका रेघेनं खोडल्या आणि 'माणसाचे' मध्ये लिहिलं, 'स्वतःचे भात'.

गाव पुढचं वर्षभर हसलं. पण त्यांनी खोडलेलं सगळ्यांना वाचता येईल असं खोडलं होतं, पान फाडलं नव्हतं, हे मला तेव्हा फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या ऑगस्टात एका सकाळी प्रार्थना चालू असताना पायाखालची जमीन हलली. फार नाही, दोन-तीन सेकंद. मुलं पटांगणात होती म्हणून वाचली, कारण तिसरीच्या वर्गाची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलेला होता. तडा नागपुरातून निघाला आणि नाशिकवरून थेट फळ्यामागं गेला. ती भिंत गेली दोन वर्षं बारीक बारीक भेगांनी भरत चालली होती आणि त्या भेगा खाणीच्या सुरुंगांमुळे पडतात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. इमारत बंद झाली आणि चारही वर्ग देवळाच्या सभामंडपात आले. एका खांबाशी पाढे, दुसऱ्या खांबाशी कविता, आणि मध्ये घंटा वाजवायला येणारे भाविक.

त्याच महिन्यात खाणीचा परवाना संपत होता. मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला तालुक्याहून साहेब येणार होते आणि ग्रामसभेत गावाचं म्हणणं ऐकणार होते. खाणवाले शेठ सगळीकडे सांगत फिरत होते की शाळा भूकंपानं तडकली, खाणीचा काही संबंध नाही. पुरावा काय तो दुडेकाकांच्या वहीत होता. गाव खूश झालं. आपलाच माणूस, आपलीच वही.

फक्त त्या सकाळची नोंद 'देवाचे' रकान्यात होती.

सरपंच आधी एकटे येऊन गेले, मग चार माणसं घेऊन आले. एकच नोंद या रकान्यातून त्या रकान्यात न्यायची, एवढंच मागणं होतं. काकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाले. शेवटी सरपंचांनी मला पुढं केलं, आणि मी गेले. हे लिहिताना आजही मला लाज वाटते. वर्गात खरं बोलावं म्हणून सांगणारी मी, गोठ्याच्या दारात उभी राहून एका म्हाताऱ्या माणसाला म्हणाले, "काका, पोरांसाठी करा. खाण चालू राहिली तर नवी शाळासुद्धा अशीच तडकेल. एका ओळीचा प्रश्न आहे."

काकांनी वही मिटून मांडीवर घेतली. "बाई, आज मी देवाचा एक माणसावर घातला," ते म्हणाले, "तर उद्या माणसाचे समदे देवावर जातील. आन मंग मी काय तोंडानं न्हाई म्हणू?"

मी आले तशी परत फिरले. रागही आला होता आणि ते बरोबर आहेत हेही कळत होतं, त्यामुळे जास्त राग आला.

ग्रामसभा देवळातच भरली. साहेबांच्या डोक्यामागं माझा दोनचा पाढा तसाच लिहिलेला होता. काका वही घेऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की त्या सकाळचा धक्का देवाचा होता, सुरुंगाचा नव्हता. सभा खवळली. मागून कुणीतरी काकांच्या सात पिढ्या काढल्या. खाणवाले शेठ मात्र हात जोडून उठले. असा खरा माणूस तालुक्यात सापडायचा नाही, या वहीतलं अक्षर न् अक्षर आपल्याला मान्य आहे, तसं साहेबांनी लिहून घ्यावं, असं ते म्हणाले. एवढ्यावर न थांबता त्यांनी शाल आणि नारळही दिला. ते बरोबर घेऊनच आले होते. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि शेठची सही घेतली.

काकांनी शाल नीट घडी घालून बाकावर ठेवली. "सायेब, भितीला शेवटचा धक्का देवाचा," ते म्हणाले. "आधीचे समदे दुसऱ्या रकान्यात हायेत. वाचू का?"

साहेब वाचा म्हणाले. त्यांना कल्पना नव्हती. परवान्याप्रमाणे सुरुंग फक्त दुपारी, शिट्टी देऊन आणि सुट्टीचा दिवस सोडून उडवायचा होता. काका एकेक नोंद वाचत गेले. सकाळी सहा वाजून दहा, सुरुंग, शिट्टी नाही. रविवार, सुरुंग दोन. शेठ तिसऱ्या पानावर उठले आणि चौथ्या पानावर खाली बसले, कारण वही खोटी म्हणावी तर सही झालेली. सभा आता टाळ्या वाजवायला लागली होती. पण काकांना नोंदी गाळून वाचता येत नव्हतं. 'माणसाचे' म्हटल्यावर सगळ्याच माणसांचे. "हौसा, कांडण," ते वाचायचे आणि पुढं जायचे. मग आलं, "पहाटे साडेचार, सरपंचांच्या मळ्यात बोअर." गावच्या पिण्याच्या विहिरीला लागून असलेला तो मळा, तिथं बोअर घ्यायला मनाई. साहेबांनी मान वर करून सरपंचांकडे बघितलं. त्यानंतर "आज कवायत न्हाई" हे इतक्या वेळा आलं की मुख्याध्यापक देवदर्शनाला आत गेले. आणि मग भरल्या सभेत, साहेबांसमोर, माझ्या विद्यार्थ्यांच्या आयाबापांसमोर काकांनी वाचलं, "बाई, दोरीवरच्या उड्या, शंभर."

काका पहाटेचे झोपलेले असतात अशा समजुतीनं मी वजन कमी करायला महिनाभर त्या उड्या मारत होते. त्यांनी एका शब्दानं मला कधी विचारलं नव्हतं. फक्त लिहून ठेवलं होतं.

हे सगळं त्यांनी ठरवून केलं की आपोआप घडलं, हे मला अजून सांगता येत नाही. मुदतवाढ मिळाली नाही. खाण बंद पडली. शाळेचं नवं बांधकाम मंजूर झालं. सरपंचांच्या बोअरला सील लागलं, मुख्याध्यापकांना नोटीस आली. म्हणजे गावाला हवं ते मिळालं, पण त्याबद्दल काकांना कुणी माफ केलं नाही; वहीत आपलंही काहीतरी असणार असं प्रत्येकाला वाटत होतं. लोक पुन्हा थांब्यावर उन्हात उभे राहायला लागले. त्या वर्षीच्या झोडणीला त्यांच्या खळ्यावर कुणीही आलं नाही. काकू, काका आणि मी, तिघांनी मिळून सहा दिवस भात झोडला. काकू नवऱ्याला दिवसभर बोलत होत्या, पण गावातला कुणी त्यांच्याबद्दल वाकडं बोलला की त्याच्या अंगावर जात होत्या. काका गप्प झाले होते. एकदा ते मला म्हणाले की आता रेघ फार सरळ येते, बघवत नाही.

मार्चमध्ये माझी बदलीची ऑर्डर आली. मी सामान बांधत होते त्या दुपारी, बरोबर दीडच्या ठोक्याला, जमीन हलली. फळीवरची भांडी वाजली. मी कोयनेची असून दाराबाहेर पळाले, कारण मलाही तेच वाटलं जे सगळ्या गावाला वाटलं: खाण चोरून सुरू झाली. पाच मिनिटांत तीस-चाळीस माणसं काठ्या घेऊन निघाली. पुढं सरपंच होते. खाणीकडं जायचा रस्ता काकांच्या अंगणावरून जातो. नेमका त्याच रस्त्यानं समोरून खाणीचा राखणदार अनवाणी धावत येत होता. "आमी न्हाई, आमी न्हाई," असं ओरडत तो काकांच्या ओसरीला येऊन चिकटला. काठ्या घेतलेली माणसंही अंगणात थांबली. सहा महिने कुणी या अंगणात पाय ठेवला नव्हता.

काका गोठ्यात होते. कुणी त्यांना हाक मारली नाही, सगळे नुसते दाराकडं बघत उभे राहिले. बराच वेळ गेला. काकू राखणदाराला पाणी देत होत्या. मग काका बाहेर आले. एका पायात चप्पल होती, कानावर पेन्सिल होती. एवढी गर्दी बघून ते दारातच थबकले आणि त्यांनी एक हात चौकटीला टेकवला.

"देवाचा हाय," ते म्हणाले. "त्यानं काय केलं न्हाई."

सरपंचांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मागच्यांनीही ठेवल्या. काका तसेच उभे होते, कुणीतरी आता वाद घालेल म्हणून वाट बघत. पण चाळीस माणसांत एकानंही "नक्की का?" असं विचारलं नाही. सगळे जेवायला घरी गेले.